पातेल्यातलं घड्याळ

काका गेल्यापासून सगळ्यांच्या स्वप्नात येत होते. फक्त काकूंच्या येत नव्हते.

आता ह्याला काय म्हणावं, सांगा! हयातीत जो माणूस बायकोला विचारल्याशिवाय कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडेसुद्धा गेला नाही, तो गेल्यावर गावभर हिंडायला लागला. आधी गेले ते सख्ख्या बहिणीकडे. काकूंची ही नणंद, वन्सं, काका-काकूंच्या बेकरीच्या वरच्या घरात त्यांच्याबरोबरच राहायची. वन्संच्या स्वप्नात तर दादानं बस्तानच मांडलं होतं. सकाळी चहाचा कप हातात आला की वन्संच्या तोंडाचा पट्टा सुरू. "वहिनी, काल दादा आला होता बरं का. पांढरा सदरा, केस नीट विंचरलेले. म्हणाला, भट्टीचं धुराडं साफ करून घ्या."

मग शेजारचा शिंपी. त्याच्याकडे काका पँट आखूड करून घ्यायला आले होते आणि माप देताना खूप हसत होते म्हणे. आणि कहर म्हणजे जावई! ज्या जावयाशी काका "या, बसा" आणि "निघालात?" ह्यापलीकडे कधी बोलले नाहीत, त्याच्या स्वप्नात जाऊन ते त्याच्याबरोबर नावेत बसले. कितीतरी वेळ दोघं मिळून वल्हवत होते. लेकीनं फोनवर हे कौतुकानं सांगितलं तेव्हा काकू "हो का? बरं झालं," एवढंच म्हणाल्या, आणि फोन ठेवून मैद्याच्या गोळ्यावर अशा तुटून पडल्या की त्या दिवशीचे पाव गिऱ्हाइकांना चावता चावेनात.

जावयाबरोबर नावेत! आणि इथे बायको रोज उशीला डोकं टेकवून वाट बघतेय, तिला नुसतं तोंड दाखवायला सवड नाही.

काकूंनी काय काय करून पाहिलं नाही? पलंगावर काकांच्या बाजूला झोपून पाहिलं. त्यांचा स्वेटर उशाशी घेतला. त्यांचा फोटो पलंगासमोर टांगला. मग तो टक लावून बघतोय असं वाटून झोपच लागेना, म्हणून परत काढला. उपयोग शून्य. डोळा मिटला की काळोख आणि उघडला की गजर, मधलं काही म्हणजे काही हाती लागायचं नाही.

त्यात एकदा वन्सं बिस्कीट चहात बुडवता बुडवता म्हणाल्या, "रागावला असेल हो तुमच्यावर."

सहजच म्हणाल्या. वन्संच्या मनात काळंबेरं नव्हतं, जिभेला हाड नव्हतं एवढंच. पण काकूंच्या जिवाला ते वाक्य लागलं, कारण तीच पाल त्यांच्या मनात आधीपासून चुकचुकत होती.

त्याचं असं होतं. बेकरीचं काम पहाटे सुरू होतं. लोकांचा चहा उकळायच्या आत पाव भट्टीबाहेर यायला हवेत. आणि काकूंची झोप म्हणजे दगड. लग्न झाल्यापासून त्यांना उठवायचं काम काकांनी आपल्याकडे घेतलं होतं. गजर लावलेला असायचा, पण तो कधी वाजायचा नाही. वाजायच्या जरासा आधी काका आपोआप उठायचे, घड्याळाची कळ दाबून टाकायचे, पलंगाच्या पायथ्याशी यायचे, आणि पांघरुणात हात घालून काकूंच्या उजव्या पायाचा अंगठा धरायचे. हाक नाही, दिवा नाही. अंगठा धरायचा, हलकेच दाबायचा, आणि ती हलेपर्यंत सोडायचा नाही. "दचकून उठलीस की दिवसभर सगळ्यांच्या अंगावर येतेस," असं त्यांचं म्हणणं होतं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्या घड्याळाचा आवाज कसा आहे हेच काकूंना माहीत नव्हतं.

त्या शेवटच्या पहाटेसुद्धा त्यांनी अंगठा धरला. "तू हो पुढे, मी जरा पडतो," म्हणाले. काकूंनी काळोखातच चपला चाचपल्या, केस बांधले आणि खाली उतरल्या. दिवा लावला नाही. वळून बघितलं नाही. पावांची पहिली खेप निघाली तरी काका आले नाहीत म्हणून वर गेल्या, तर ते झोपेतच गेलेले.

तोंड बघायचं राहिलं. तसं नंतर सगळ्यांनी बघितलं, काकूंनीही बघितलं, पण "मी जरा पडतो" म्हणणारं तोंड ते नव्हतं. त्यावर आपण "बरं" तरी म्हणालो का, हेही त्यांना आठवत नव्हतं. इतक्या वर्षांच्या माणसाला साधं "बरं" मिळालं नसेल तर तो रुसणार नाही तर काय? म्हणून त्यांना एकदा, एकदाच, काका स्वप्नात हवे होते. बोलायला नको, धुराड्याबद्दल सूचना नकोत. नुसतं तोंड दिसावं आणि त्यावर राग आहे की नाही ते कळावं.

ते गेल्यावर गजर वाजायला लागला, पण काकू उठेनात. पहिल्याच दिवशी दुकानापुढे माणसं ताटकळली आणि भट्टी थंड. मग काकूंनी युक्ती काढली. दूध तापवायचं मोठं पातेलं हल्ली रिकामंच पडलेलं असायचं, त्यात त्यांनी घड्याळ ठेवलं आणि पातेलं डोक्याशी. पहाटे असा काही खणखणाट व्हायचा की काकू उठायच्या नाहीत, उडायच्या. सोबतीला म्हणून वन्संनी आपला पलंग त्याच खोलीत आणला होता. त्या कानात कापसाचे बोळे घालून ऊन वर येईपर्यंत निवांत घोरायच्या.

एके दिवशी एक मुलगी पाव सांगायला बेकरीत आली. नगरभवनात विज्ञानाचा मेळा भरणार होता, सगळ्यांना मोफत, आणि तिथे राबणाऱ्या मंडळींना दुपारच्या खाण्याला पाव हवे होते. जाताना तिनं काचेवर एक रंगीत कागद चिकटवला. संशोधकांना भेटा, काहीही विचारा.

"काहीही?" काकूंनी हात पुसत विचारलं.

"काहीही, काकू. म्हणून तर भरवलाय."

काकू तो कागद पाठीमागून, काचेतून उलटा, बघत राहिल्या.

मेळ्याच्या दिवशी त्या पावांच्या टोपल्या घेऊन स्वतःच गेल्या. वन्संही निघाल्या. फुकट आहे म्हटल्यावर वन्संना घरी ठेवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

नगरभवनात एरवी माणसं अर्ज घेऊन तोंड पाडून उभी असायची. त्या दिवशी ते ओळखूच येत नव्हतं. उंच खिडक्यांमधून दुपारचं ऊन तिरकं आत आलं होतं, त्यात धूळ संथपणे वरखाली करत होती, आणि तिच्याखाली टेबलाटेबलाशी लोक वाकून काहीतरी बघत होते. कुणी घाईत नव्हतं. एका टेबलावर गोगलगायी होत्या, आणि त्यांच्यामागे तितकाच सावकाश बोलणारा एक गृहस्थ. गोगलगायीला हजारो दात असतात, असं तो सांगत होता. "हजारो?" वन्सं म्हणाल्या. "आणि मला चार ठेवलेत. न्याय म्हणून नाही कुठे." पुढे एक म्हातारे प्राध्यापक बरण्यांमध्ये तऱ्हेतऱ्हेची माती घेऊन बसले होते, कुणीही हात घातला की त्यांचा चेहरा खुलायचा. खिडकीशी एका बाईंनी दुर्बीण सूर्याकडे वळवून त्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडलं होतं. गोल, फिकट, थरथरणारं, मधेच काळे डाग.

"ते डाग कसले?" बाईंनी मास्तरणीसारखं विचारलं.

"जरासा करपलाय," काकू म्हणाल्या. बाई इतक्या हसल्या की दुर्बिणीला धक्का लागून सूर्य कागदावरून पळाला.

कुठून तरी अधूनमधून एक आवाज येत होता. टण्ण. मग हशा. मग शांतता. मग पुन्हा टण्ण. काकू त्या आवाजाच्या मागे मागे गेल्या तशी हॉलच्या टोकाची एक खोली लागली. खिडक्यांना निळे पडदे लावलेले, आत पाण्याखाली असावा तसा उजेड. रांगेनं आरामखुर्च्या, आणि त्यांत चारचौघांदेखत माणसं झोपलेली! प्रत्येकाचा एक हात खुर्चीबाहेर, हातात स्टीलचा चमचा, खाली फरशीवर ताटली पालथी घातलेली. माणूस झोपेत घसरला की बोटं सैल पडायची, चमचा सुटायचा, टण्ण, आणि तो डोळे चोळत उठून बसायचा. "मी जिन्यावरून मासे नेत होतो," एक जण म्हणाला. "माझ्या हातात आमच्या मुख्याध्यापकांची टोपी होती," दुसरी म्हणाली आणि स्वतःच चक्रावली.

ह्या सगळ्यांवर देखरेख करत एक चष्मेवाली तरुण बाई हिंडत होती. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती आणि दर वाक्याला तिला जांभई येत होती.

"तुम्ही झोपेच्या डॉक्टर का?" काकूंनी विचारलं.

"डॉक्टर आहे, पण औषधवाली नाही. माणसं झोपतात आणि मी जागी राहून बघत बसते. तेच माझं काम."

"मग तुम्ही कधी झोपता?"

"तीच तर बोंब आहे, काकू," असं म्हणून झोपेवालीनं तोंडावर हात ठेवला.

काकूंना ती आवडली. त्यांनी पदर सारखा केला, इकडेतिकडे बघितलं, आणि काहीही विचारा म्हटलंय तर विचारून टाकू, असा जिवाचा हिय्या करून विचारलं, "गेलेलं माणूस सगळ्यांच्या स्वप्नात येतं आणि एकीच्याच येत नाही, असं कशानं होतं?"

झोपेवाली हसली नाही. तिनं दोन स्टुलं ओढली, एकावर काकूंना बसवलं. वन्संना कुणी बसा म्हटलं नाही, तरी त्या एका रिकाम्या आरामखुर्चीत जाऊन टेकल्या.

"त्या एकीला सकाळी जाग कशी येते?" झोपेवालीनं विचारलं.

हा काय प्रश्न झाला? पण विचारलंय म्हणून काकूंनी सांगितलं. घड्याळ सांगितलं, पातेलं सांगितलं, खणखणाट सांगितला. झोपेवाली ऐकता ऐकता पुढे सरकली.

"काकू, स्वप्नं पडतात ती जास्त करून पहाटेकडे. आणि ती पडतात जवळजवळ सगळ्यांना, तुम्हालाही पडत असणार. आठवत नाहीत, एवढंच. डोळे उघडल्यावर माणूस जरा वेळ तसंच पडून राहिलं तर थोडंफार आठवतं. ताडकन उठलं की गेलं, पुसून गेलं." तिनं वन्संकडे बघितलं. "ह्यांना दिसतात?"

"दिसतात म्हणजे? रोज!" वन्सं म्हणाल्या.

"तुम्ही केव्हा उठता?"

"उठते आपली. जाग आली की."

काकूंच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. वन्सं ऊन वर येईपर्यंत लोळतात. शिंप्याच्या दुकानाची फळी सगळ्या गल्लीत शेवटी उघडते. आणि जावई! जावयाची सुट्टीच्या दिवशीची सकाळ तर दुपारच्या जेवणाला उगवते. झोपाळू मेले सगळे, एकजात! त्यांना दिसणार नाहीत तर काय!

"म्हणजे..." काकूंचा आवाज खाली आला. "म्हणजे हे माझ्याकडेही येत असतील?"

"येतात असं मी नाही सांगू शकत," झोपेवाली म्हणाली. "पण येत नाहीत असंही नाही सांगू शकत."

"रोज?"

"कुणास ठाऊक, काकू."

"अगं बाई गं! म्हणजे हे येतात, आणि मी पातेलं वाजवून हाकलून लावते त्यांना?"

स्वप्नात मासे नेणारा तो खो खो हसला, पण काकूंचा चेहरा बघून त्यानं मध्येच आवरलं. काकू रडत होत्या. मोठ्यानं नाही, आपलं डोळ्यांतून वाहत होतं आणि त्या पुसत नव्हत्या. रुसलेला माणूस निदान दार आपटून बसतो, त्याची समजूत तरी काढता येते. इथे तर माणूस दाराशी येतोय आणि आपणच खणखणाट करून त्याला घालवून देतोय. आणि उद्या पुन्हा तेच करायचं, कारण पहाटे पडून राहणं भट्टीवाल्यांच्या घरात चालत नाही.

"इथे झोपले तर?" त्यांनी चमच्याकडे बोट दाखवलं.

झोपेवाली जरा घुटमळली. "ही खरी स्वप्नं नसतात हो. झोप लागता लागता जे तुकडे दिसतात तेवढेच. कुणाला काय दिसेल ते सांगता येत नाही. बोलावून कुणी येत नाही."

"ते मला माहितीये. ऑर्डर देऊन पावच मिळतो. द्या इकडे."

तर काकू आरामखुर्चीत पडल्या. चपला काढून बाजूला ठेवल्या, पाय लांब केले, उजवा हात बाहेर सोडला. झोपेवालीनं चमचा त्यांच्या बोटांत दिला, खालची ताटली नीट सरकवली. "धरून ठेवायचा, पण आवळायचा नाही," म्हणाली. वन्सं शेजारच्या खुर्चीत उठून बसल्या आणि परीक्षेच्या हॉलमधल्या पर्यवेक्षकासारख्या बघायला लागल्या.

काकूंनी डोळे मिटले. आधी नुसते आवाज. हॉलमधली कुजबुज, कुणाची तरी खुर्ची सरकली, गोगलगाईवाला दातांचं सांगतोय. मग दात आणि माती एकमेकांत मिसळायला लागले. कुणीतरी म्हणालं, सूर्य उलटवा, एका बाजूनं लागतोय. हो हो, उलटवते, काकू मनात म्हणाल्या, आणि उलटवायला गेल्या तर ती भट्टी नव्हतीच, मोठी खोली होती, आणि खोलीभर भिजवलेला मैदा पसरलेला. मऊ, उबदार, संथ फुगत होता, बसत होता, पुन्हा फुगत होता. त्याच्यावर निळा उजेड. काकू त्याच्या काठावर आडव्या झाल्या. तो त्यांना हळूहळू वर उचलत होता, आणि आता कुठेच जायचं नव्हतं, कुणालाच पाव द्यायचे नव्हते. छत जवळ आलं, मग छत गेलं. निळं काळं झालं. ओळखीचा काळोख. त्यात काकूंनी डोळे फाडफाडून बघितलं. कुणी नव्हतं. सदरा नाही, विंचरलेले केस नाहीत, तोंड नाही.

आणि मग कुणीतरी त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा धरला.

हलकेच दाबला.

"बरं," काकू म्हणाल्या, आणि डोळे उघडले.

वर निळे पडदे. समोर झोपेवाली, चष्म्याआडून डोळे मोठे करून बघणारी. वन्संचा जबडा उघडा. टण्ण झालंच नव्हतं. काकूंनी आपल्या हाताकडे पाहिलं. चमचा बोटांतच होता.

"तुम्हाला झोप नव्हती लागली का?" झोपेवालीनं विचारलं.

"लागली नव्हती?" वन्सं उसळल्या. "घोरत होत्या की! बाहेर गोगलगायी दचकल्या असतील."

"हो, मान कलली होती, मीही पाहिलं. मग चमचा?" झोपेवालीनं खाली वाकून ताटलीकडे पाहिलं, जणू चूक ताटलीचीच असावी. "सगळ्यांचा पडला आज. चमचा पडल्याशिवाय तुम्ही उठलात कशा?"

काकू उठून बसल्या, उजवा पाय जवळ घेतला आणि अंगठ्यावर हात ठेवून बसून राहिल्या. तिथे अजून ऊब होती.

"उठवलं मला," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं. गजर वाजायच्या आधी कळ दाबणं, पायथ्याशी येणं, अंगठा धरणं, सगळं. सांगताना त्यांना रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं हसू.

झोपेवाली ऐकत होती. तिलाही बरं वाटत होतं आणि खोटं बोलायचीही इच्छा नव्हती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. "काकू, राग मानू नका. झोप लागता लागता पायाला असा झटका बसतो. कधी पायरी चुकल्यासारखं वाटतं, कधी कुणी धरल्यासारखं. सगळ्यांना बसतो."

"बसू दे की सगळ्यांना," काकू म्हणाल्या.

"आणि चमचा... तुमच्या हाताला पकड असेल. कामाची."

"असेल बाई." ती होतीच. पाव काढायचं लांब दांड्याचं फावडं हातात धरून भट्टीसमोर उभ्या उभ्या डुलकी काढायची काकूंची जुनी खोड होती, आणि फावडं कधी सुटलं नव्हतं. "तुमचं सगळं खरं. तुम्ही शिकलेल्या आहात, उगीच कशाला सांगाल? पण बघा, चमचा पडला असता तर मी दचकले असते. त्याच्या आत उठले."

झोपेवालीनं काकूंच्या हातातून चमचा घेतला, पुसला, आणि इतर चमच्यांत न टाकता आपल्या खिशात ठेवला. "तुम्ही आत्ता उठताना काहीतरी म्हणालात," ती म्हणाली. "काय म्हणालात?"

"मी?" काकूंना क्षणभर आठवेना. मग आठवलं, आणि त्यांनी तोंडावर पदर धरला. "'बरं' म्हणाले."

परत येताना रिकाम्या टोपल्या हातात होत्या आणि ऊन उतरलं होतं. वन्सं कधी नव्हे त्या गप्प. कोपरा आला, न्हाव्याचं दुकान मागे पडलं, तरी गप्प. काकूंना काळजी वाटायला लागली.

"काय झालं वन्सं? पाय दुखतायत?"

"दिसला का पण?" वन्संनी विचारलं.

"नाही हो. तोंड नाहीच दिसलं."

"मला दिसतो." वन्सं रस्त्याकडे बघत चालत होत्या. "रोज दिसतो, बोलतो, धुराड्याचं सांगतो. पण समोरच्या फुटपाथवरून बोलावं तसा. मी जवळ जायला गेले की जाग येते. लहानपणी शाळेला जाताना दादा माझं बोट सोडायचा नाही. आता एकदासुद्धा हात लावला नाही त्यानं मला."

काकू थांबल्या. इतके महिने ह्या बाईच्या स्वप्नांवर आपण जळत होतो, रोज सकाळी तिच्या कपात साखर घालताना जळत होतो, आणि ही तिकडे फुटपाथच्या ह्या बाजूला उभी! त्यांना स्वतःची लाज वाटली आणि वन्संची फार माया आली. त्यांनी दोन्ही टोपल्या डाव्या हातात घेतल्या आणि उजव्या हातानं वन्संचं बोट धरलं. वन्संनी "हे काय, पोरीबाळींसारखं," असं म्हटलं, पण सोडवून घेतलं नाही. तशाच दोघी बेकरीपर्यंत गेल्या. शिंपी मशीन थांबवून बघत राहिला.

घरी गेल्यावर काकूंनी पातेल्यातून घड्याळ काढलं, पातेलं खसाखसा घासलं आणि त्यात दूध तापत ठेवलं. दोघींपुरतं, भरपूर.

"आणि उद्या जाग नाही आली तर?" वन्संनी विचारलं.

"येईल."

"आणि नाहीच आली तर? माणसं ताटकळतील दारात. मागच्या वेळी काय तमाशा झाला होता."

"वन्सं, दूध उतू जाईल, तिकडे बघा."

झोपायची वेळ झाली. काकूंनी गजर लावला, घड्याळ नुसतंच उशाशी ठेवलं, दिवा मालवला आणि पांघरूण ओढून घेतलं. मग जरा विचार करून उजवा पाय पांघरुणाबाहेर काढून ठेवला. हवेत गारवा होता, पाय गार पडायला लागला, तरी त्यांनी आत घेतला नाही.

पलीकडच्या पलंगावर बराच वेळ चुळबुळ चालली होती. आज अजून घोरणं कसं सुरू झालं नाही, म्हणून काकूंनी मान वळवून बघितलं. खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येत होता. कापसाचे दोन्ही बोळे काढून स्टुलावर ठेवले होते, आणि वन्संचा एक पाय पांघरुणाबाहेर होता.